वहीबाहेरचं वचन

बुवापाड्यातल्या बकुळाबाई साळव्यांचं अक्षर इतकं देखणं, की त्यांनी दिलेली वाणसामानाची यादीसुद्धा वाणी चुरगाळून टाकत नसे. हे अक्षर काही शाळेतून आलं नव्हतं; शाळा सातवीतच सुटली होती. अंबरनाथमधल्या एका औषधाच्या कंपनीत त्या चोवीस वर्षं लेबल लावायच्या कामाला होत्या. मशीन येण्याआधी नमुन्याच्या बाटल्यांवर हाताने नावं लिहावी लागत, ती लिहितालिहिता हात वळत गेला. तिथला सुपरवायझर खवट माणूस, पण त्याचं एक सांगणं बकुळाबाईंनी पक्कं धरलं होतं: बाटलीत जे असेल तेच लेबलावर आलं पाहिजे. कंपनीत हा नियम त्यांनी कधी मोडला नाही. मोडला तो चर्चमध्ये, एकदाच, आणि पोटच्या पोरीसाठी.

त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एक रीत आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सकाळची उपासना झाली की वचनांच्या चिठ्ठ्या निघतात. मोठ्या स्टीलच्या ताटात घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, वर क्रोशाचा रुमाल. प्रत्येकाने डोळे मिटून एक उचलायची. शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, जे वचन हाती येईल ते देवाने त्या वर्षापुरतं आपल्याला दिलं, असं समजायचं. मग कुणी ते फ्रिजवर चिकटवतं, कुणी पाकिटात ठेवतं, आणि ज्याला धीर धरायचं वचन येतं तो हळूच बायकोची चिठ्ठी बघतो. एका वर्षी कमिटीने छापील चिठ्ठ्या आणल्या, तर लोकांनी अशी तोंडं केली, जणू प्रभुभोजनाला शिळी भाकर ठेवली. तेव्हापासून एकतीस वर्षं चिठ्ठ्या लिहिणार बकुळाबाई आणि ताट फिरवणारही बकुळाबाई.

कुठली वचनं लिहायची, हे मात्र त्यांच्या मनावर नव्हतं. जुन्या पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, एक वही करून दिली होती. तीत एकशे चाळीस वचनं, सगळी मनाला उभारी देणारी. भिऊ नको म्हणणारीच एकोणीस. शास्त्रात रडणंही काही कमी नाही. देवा, अजून किती दिवस तोंड फिरवून बसणार, असं विचारणारे भक्त पानोपानी भेटतात. त्यातलं एकही वहीत घेतलं नव्हतं. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी लोकांच्या हातात रडगाणं कशाला, असं पाळकसाहेब म्हणत. एक गोड वचनही त्यांनी मुद्दाम गाळलं होतं. मरणाच्या तोंडून परत आलेला भक्त छातीवर हात ठेवून सांगतो की मला मरण येणार नाही, मी जगणार आहे, ते वचन. बकुळाबाईंनी कारण विचारलं तेव्हा पाळकसाहेब म्हणाले होते की हे ज्याला येईल तो त्याच वर्षी गेला, तर त्याच्या घरच्यांना मी काय तोंड दाखवू.

वही वाचून दाखवायचं काम प्रीतीचं, बकुळाबाईंच्या एकुलत्या एक लेकीचं. ती आठ वर्षांची असल्यापासून डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी मायलेकी चटईवर बसत. पोरगी वाचायची, आई लिहायची, मग दोघी मिळून घड्या घालायच्या, चिठ्ठीची कड आत घेऊन. वडील हिरामण होते तोवर मधूनमधून चहा करून देत आणि आपल्यासाठी एक बंगल्याचं वचन टाका म्हणून चिडवत. ते गेले. प्रीती नर्स झाली, लग्न होऊन बदलापूरला गेली, तिला ऋता झाली, तरी तो रविवार चुकला नाही. वही तिला तोंडपाठ झाली होती. पान उलटायच्या आत पुढचं वचन सांगून मोकळी व्हायची.

त्या वहीवर पहिला ओरखडा उठला तो कौसाबाईमुळे. कौसाबाई दोन गल्ल्या सोडून राहणारी, त्याच मंडळीतली. एका वर्षी तिला चिठ्ठी आली की तू पाण्यातून चालशील तेव्हा मी सोबत असेन, नद्या तुला बुडवणार नाहीत. तिचा बावीस वर्षांचा मुलगा त्याच जुलैत मित्रांबरोबर बारवी धरणाच्या बाजूला गेला आणि ओढ्याला आलेल्या लोंढ्यात वाहून गेला. पंधरा दिवसांनी कौसाबाई ती चिठ्ठी घेऊन बकुळाबाईंच्या दारात उभी राहिली.

"तुमीच लिव्हलंय ना हे?" तिने विचारलं. "मंग सांगा मला, ह्याचा अर्थ काय लावू?"

बकुळाबाईंनी अर्थ लावून दिला. पाणी म्हणजे संकट, बुडणं म्हणजे विश्वास बुडणं, मुलगा प्रभूजवळ सुखरूप आहे, असं त्या अर्धा तास बोलल्या. आपण चांगलं बोललो असं त्यांना वाटलंही. कौसाबाईने सगळं ऐकून घेतलं, चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि निघून गेली. त्यानंतर तिने कधी ताटात हात घातला नाही. ताट समोर आलं की ती मान हलवायची आणि बकुळाबाई पुढे सरकायच्या. मनातल्या मनात त्यांनी तिला कच्च्या विश्वासाची ठरवून टाकलं होतं.

मग एका ऑक्टोबरात प्रीतीचं पोट दुखायला लागलं. उल्हासनगरच्या ज्या दवाखान्यात ती कामाला होती, तिथल्या सिंधी म्हाताऱ्या तिला दीदी दीदी करत घरचे पापड आणून द्यायच्या. त्यांनीच आधी टोकलं की दीदी, तू सुकत चाललीस. रिपोर्ट आला तेव्हा तो समजायला प्रीतीला डॉक्टरची गरज नव्हती. तिने तो रिक्षातच वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. कॅन्सर यकृतापर्यंत पोचला होता. मुंबईला केमो सुरू झाली, केस गेले, आणि डिसेंबरचा तो रविवार आला तेव्हा ती डोक्याला स्कार्फ बांधून हजर झाली. वही वाचली. एकशे चाळीस चिठ्ठ्यांना घड्या घातल्या. बोटं मध्येच सुन्न पडत, तेव्हा ती झटकून पुन्हा घडी घालायची.

ती बदलापूरला गेल्यावर बकुळाबाईंनी एकशे एकेचाळिसावी चिठ्ठी लिहिली. जुन्या पाळकसाहेबांनी गाळलेलं ते वचन त्यांनी आपल्या सगळ्यात सुंदर अक्षरात उतरवलं.

याला कुणी लबाडी म्हणेल. म्हणू दे. ज्याची लेक अशी डोळ्यांदेखत झिजत नाही, त्याने निवाडा करायला बसूच नये. बकुळाबाईंना देवाला फसवायचं नव्हतं. त्यांना वाटलं, एकतीस वर्षं आपण लोकांना त्याची वचनं वाटली, आता एक आपण मागून घेतलं तर तो नाही म्हणणार नाही.

एक जानेवारीला ताट फिरवताना ती चिठ्ठी त्यांनी अंगठ्याखाली दाबून धरली होती. प्रीतीच्या रांगेत आल्यावर ती वर सरकवली आणि ताट असं कलतं धरलं की तिच्या बोटांना तीच लागावी. प्रीतीने उचलली, उघडली, वाचली. आईकडे एकदा पाहिलं. मग चिठ्ठी नवऱ्याच्या, आकाशच्या हातात दिली, आणि तो भला थोरला माणूस बाकावर बसल्या जागी ढसाढसा रडायला लागला.

पुढे ते बकुळाबाईंच्या हातात राहिलं नाही. नव्या पाळकसाहेबांनी वचन सगळ्यांना वाचून दाखवलं. भगिनी मंडळाने दर शुक्रवारी उपास-प्रार्थना धरली. बदलापूरच्या घरी चिठ्ठी फ्रेम होऊन टीव्हीच्या वर लागली. नऊ वर्षांची ऋता शाळेत सांगून आली की आमच्या मम्मीला देवाने लिहून दिलंय. हळूहळू बकुळाबाईंनाही वाटू लागलं की आपला अंगठा देवानेच हलवला असेल. स्वतःच लिहिलेली चिठ्ठी त्या रोज सकाळी वाचायच्या आणि धीर घ्यायच्या.

मार्चात डॉक्टरांनी केमो थांबवली आणि आता घरीच ठेवा म्हणाले. बकुळाबाई बुवापाड्याचं घर बंद करून लेकीकडे राहायला आल्या. प्रीतीला बोलायचं होतं. एकदा मेथी निवडताना तिने ऋताचा विषय काढला. मी नसले तर तिला, एवढंच म्हणाली, आणि बकुळाबाईंनी तिला तिथेच तोडलं. वचन मिळालेल्या माणसाने असं अविश्वासाचं बोलू नये म्हणाल्या. आकाशशी बोलायला गेली तर तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. भगिनी मंडळाच्या बायकांना ती म्हणाली की फार दुखतं हो, तर त्यांनी गीत सुरू केलं. मग तिने बोलणंच सोडलं. कुणी विचारलं की बरी आहे म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. घरात सगळे तिच्यासाठी देवाशी बोलत होते, तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

जुलैच्या शेवटी ऋता शाळेतून आली ती गॅदरिंगची बातमी घेऊनच. डिसेंबरात तिचा नाच होता. मम्मीने पहिल्या रांगेत बसायचं आणि हिरवी साडी नेसायची, असं तिने ठरवूनही टाकलं. प्रीतीचे डोळे तोवर पिवळे पडले होते, हातांच्या काड्या झाल्या होत्या. ती लेकीकडे बघून हसली, हो म्हणाली, हिरवीच नेसेन म्हणाली. बकुळाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. आपली पोरगी मरतामरता पोटच्या लेकराशी खोटं बोलतेय आणि ते आपण तिला बोलायला लावलंय, हे त्यांना तेव्हा कळलं. कंपनीतली बाटली असती तर त्यांनी लेबल तिथल्या तिथे खरवडून काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी ऋता शाळेला आणि आकाश कामाला गेल्यावर त्या पलंगाशी बसल्या. मग एका दमात सांगून टाकलं, चिठ्ठी, अंगठा, ताट, सगळं.

प्रीती छताकडे बघत होती.

"माहीत आहे, आई," ती म्हणाली. "ते वहीत नाहीये."

ज्या पोरीने अठ्ठावीस वर्षं वही वाचून दाखवली, तिला वहीबाहेरचं वचन ओळखू येणार नाही असं बकुळाबाईंना वाटलं तरी कसं, कोण जाणे. चिठ्ठी उघडताक्षणी तिने ओळखलं होतं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुला त्याचा आधार होता. म्हटलं, तो कशाला काढून घेऊ तुझ्याकडून."

सात महिने. आई लेकीला धीर म्हणून गप्प, लेक आईला धीर म्हणून गप्प, आणि मध्ये टीव्हीच्या वर ती फ्रेम. बकुळाबाईंनी दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. प्रीतीने त्यांचा हात धरला, मनगटाशी, नर्स धरते तसा.

"आई, मला भीती वाटते."

भिऊ नको म्हणणाऱ्या एकोणीसच्या एकोणीस चिठ्ठ्या बकुळाबाईंच्या ओठांवर आल्या. त्यांनी त्या गिळल्या.

"मला पण," त्या म्हणाल्या.

त्यानंतर प्रीतीला बोलता आलं ते चारच दिवस. सात महिन्यांचं बोलणं चार दिवसांत बसवायचं होतं. ऋता पालीला घाबरते पण सांगत नाही. तिला हॉस्टेलला टाकू नका. आकाशने पुन्हा लग्न केलं तर आई, तू तोंड वाकडं करू नकोस. आकाशलाही तिने जवळ बसवून घेतलं आणि या वेळी तो उठून गेला नाही. ऋताला कुशीत घेऊन तिने स्वतःच सांगितलं की हिरवी साडी नेसायला जमणार नाही. पोरीने चिठ्ठीचं काय म्हणून विचारलं, तेव्हा बकुळाबाई म्हणाल्या की ती आजीने लिहिली होती, देवाने नाही. ऋताने फ्रेमकडे पाहिलं, मग आजीकडे. रडली नाही.

एका दुपारी प्रीती म्हणाली की वहीत नाही असं काहीतरी वाच. बकुळाबाईंनी शास्त्रातलं ते रडणं काढलं, किती दिवस तोंड फिरवून बसणार, ते. वाचताना त्यांना आपण चुकीचं औषध देतोय असं वाटत होतं. प्रीतीने डोळे मिटून ऐकलं आणि पुन्हा वाच म्हणाली. एवढा मोठा भक्त आपल्यासारखाच कण्हतोय हे ऐकून बरं वाटतं, म्हणाली. मग तिने आईकडून तीन गोष्टी कबूल करून घेतल्या. मातीच्या वेळी ते जगण्याचं वचन वाचू द्यायचं नाही. पुन्हा ताटातल्या चिठ्ठ्यांत आपल्या मनाने काही घालायचं नाही की काढायचं नाही.

"आणि ऋताला असं सांगू नकोस की देवाला मम्मी आवडली म्हणून त्याने नेली," ती म्हणाली. "ती त्याचा राग करेल. मग तिला तोही उरणार नाही."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, प्रीती गेली.

मातीला मोठी गर्दी झाली. कबरीशी उभं राहून पाळकसाहेबांनी शास्त्र उघडलं आणि भल्या मनाने म्हणाले की आपल्या भगिनीला देवाने या वर्षी जे वचन दिलं होतं ते खोटं झालेलं नाही, ती खऱ्या अर्थाने जगतेच आहे. बकुळाबाईंना पंधरा वर्षांपूर्वी कौसाबाईला अर्थ लावून देणारा आपलाच आवाज ऐकू आला. त्या पुढे झाल्या.

"साहेब, ते नको," त्या म्हणाल्या. "ते तिला देवाने दिलं नव्हतं. मी दिलं होतं."

दुःखाने बाईचं डोकं फिरलं, असं मागे कुणीतरी कुजबुजलं. बकुळाबाईंनी आपलं शास्त्र उघडून, बोट ठेवून पुढे केलं. पाळकसाहेबांनी तिथल्या ओळींवरून नजर फिरवली आणि त्या वाचल्या. कण्हणं वाचून माती द्यायची त्यांचीही ती पहिलीच वेळ असावी.

संध्याकाळी घर बायकांनी भरलं. प्रत्येकीने एकेक वचन आणलं होतं. कौसाबाई सगळ्यांत शेवटी आली, बुवापाड्याहून रिक्षाने, डब्यात पिठलं-भाकरी घेऊन. तिने वचन आणलं नव्हतं. ती बकुळाबाईंच्या शेजारी भुईवर बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बकुळाबाई म्हणाल्या की तुमचा मुलगा गेला तेव्हा मी अशी शेजारी बसायला हवं होतं, तर अर्थ सांगत बसले.

"आता रडा," कौसाबाई म्हणाली. "मीबी रडते."

आणि दोन म्हाताऱ्या, एक लेकीसाठी आणि एक लेकासाठी, बाकीच्या बायका निघून जाईपर्यंत रडल्या. देवाने माणसाचे डोळे पुसायचं कबूल केलंय हे दोघींना पाठ होतं. त्या दिवशी त्यांनी एकमेकींचे पुसले. ऋता मात्र दारातून बघत होती, कोरड्या डोळ्यांनी. आईला पुरलं तेव्हाही ती रडली नव्हती. पुढे ती परत शाळेत जायला लागली, गॅदरिंग झालं, ती नाचलीही, पण रडली म्हणून नाही. आकाशला त्याचीच धास्ती वाटायची.

त्याच डिसेंबरात बकुळाबाई वही परत करायला गेल्या. पाळकसाहेबांनी ती घेतली नाही; तुमच्याशिवाय कोण लिहिणार, म्हणाले. त्यांनी हेही सांगितलं की ताट मात्र यंदा कमिटीतलं कुणीतरी फिरवेल. बकुळाबाईंना ते बरंच वाटलं.

तो रविवार आला. बदलापूरच्या घरात चटई अंथरली, आणि आजीला आता बारीक दिसत नाही म्हणून वही ऋताने घेतली. ती आईसारखीच भरभर वाचत होती, प्रत्येक चिठ्ठीची कड आत घेऊन घडी घालत होती. सेहेचाळीस चिठ्ठ्या झाल्या. सत्तेचाळिसावं वचन तिने अर्धं वाचलं आणि थांबली. आई लेकराला जवळ घेऊन शांत करते तसं मी तुम्हाला शांत करीन, असं ते होतं.

"आजी," ती म्हणाली, "हे मला आलं तर?"

बकुळाबाईंचं पेन कागदावर टेकलेलं होतं. एक वचन गाळायचं म्हणजे काहीच अवघड नाही. एकशे चाळीसमधून एक कमी झालं तर ते कुणाला कळणार होतं? आणि या पोरीच्या हातात ती चिठ्ठी पडण्यापेक्षा बकुळाबाईंना काहीही चाललं असतं. पण लेकीला शब्द दिला होता. त्यांनी ते वचन लिहिलं, काना-मात्रा न चुकवता, आणि चिठ्ठी घडी घालायला ऋतापुढे ठेवली.

"आलं तर माझ्याकडे घेऊन ये," त्या म्हणाल्या. "मी अर्थ सांगणार नाही. आपण दोघी मिळून रडू."

"मोठ्याने?"

"मोठ्याने."

ऋताने चिठ्ठीची कड आत घेतली. एक घडी घातली, दुसरी घातली. मग तिचे हात थांबले आणि एक जानेवारीची वाट न बघता ती रडायला लागली, मोठ्याने, ऑगस्टपासूनचं सगळं. बकुळाबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि तिला जवळ घेतलं. वहीतली त्र्याण्णव वचनं अजून लिहायची राहिली होती.